गुण कुणाचा? स्टॅटिन, मांड्यांचं दुखणं आणि कोएन्झाइम क्यू-१०: एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ५९, कराड तालुका, निवृत्त एसटी चालक. हा रुग्ण प्रातिनिधिक आहे, एका कुणाची ही फाइल नव्हे. मात्र यातली प्रत्येक पायरी आणि चूक हृदयरोगाच्या ओपीडीत नेहमी पाहायला मिळते.

जूनमध्ये हृदयविकाराचा झटका, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. हृदयाची पंपिंग क्षमता ५२ टक्के, म्हणजे जवळपास शाबूत. घरी जाताना चिठ्ठीत अ‍ॅस्पिरिन ७५ मिग्रॅ, क्लोपिडोग्रेल ७५ मिग्रॅ, मेटोप्रोलॉल, रामिप्रिल आणि रात्री कोलेस्टेरॉल कमी करणारं, स्टॅटिन गटातलं अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ८० मिग्रॅ. दाखल होताना एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४८ होतं. सहा आठवड्यांनी ते ९६ भरलं. चिठ्ठीवर शेरा पडला, ‘सुधारणा आहे, चालू ठेवा.’

पहिली चूक इथेच झाली. ८० मिग्रॅ अ‍ॅटोरव्हास्टॅटिनने एलडीएल निम्म्यावर किंवा त्याखाली यायला हवं, म्हणजे ७४ च्या आसपास. इथे घट जेमतेम ३५ टक्के. अशा वेळी दोन प्रश्न लगेच विचारायचे असतात. गोळ्या रोज घेतल्या जातात का? आणि थायरॉइड तपासलंय का? गोळ्यांची रिकामी पाकिटं घरात होती, त्यामुळे पहिल्याचं उत्तर ‘हो’ होतं. दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. झटक्याच्या दिवसांत टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) फसवं येऊ शकतं म्हणून ती तपासणी पुढे ढकलतात, ते बरोबरच आहे. पण पुढे ढकललेली तपासणी पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही.

दहाव्या आठवड्यात दोन्ही मांड्या दुखायला लागल्या. घरी भारतीय पद्धतीचा संडास. उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागे, जिना चढताना कठडा. दुखणं दोन्हीकडे सारखं, शून्य ते दहाच्या मापात सहा. बाराव्या आठवड्यात एका नातेवाइकाने सांगितलं, की कोलेस्टेरॉलची गोळी शरीरातलं ‘क्यू-टेन’ खाऊन टाकते आणि त्याने स्नायूंची ताकद जाते. ताकदीची गोळी मेडिकलमधून आली. त्याच दिवशी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आपल्या मनाने बंद झालं. एकाच दिवशी दोन बदल. या प्रकरणाचा सगळा गुंता इथून सुरू होतो.

चार आठवड्यांनी दुखणं सहावरून चारवर आलं.

“त्या गोळीनं पाय मोकळं झालं बघा, डॉक्टर.”

“बरं झालं की. मग आबा, जिना कठडा सोडून चढता का आता?”

“न्हाय. कठडा लागतोय अजून.”

नातेवाईक सांगत होते त्यात तथ्य किती, ते आधी पाहू. कोएन्झाइम क्यू-१० ला जीवनसत्त्वासारखं म्हणतात, जीवनसत्त्व म्हणत नाहीत. जीवनसत्त्व बाहेरून खावं लागतं, हे मात्र जवळजवळ प्रत्येक पेशी स्वतः बनवते. रेणूचं कडं टायरोसिन या अमिनो आम्लापासून तयार होतं. शेपूट दहा आयसोप्रीन एककांचं, म्हणजे ५० कार्बनचं. नावातला १० हा आकडा या शेपटावरून आला. शेपूट पूर्ण तेलकट असल्यामुळे रेणू पेशीच्या पटलातच मुरून राहतो, पाण्यात उतरत नाही. १९५७ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांनी बैलाच्या हृदयातल्या तंतुकणिकांतून (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांतून) तो वेगळा काढला. पुढच्याच वर्षी मर्क कंपनीत कार्ल फोकर्स यांच्या गटाने त्याची रचना ठरवली. हृदयातून मिळाला यात नवल नाही, कारण जिथे ऊर्जेचा खप जास्त तिथे हा जास्त असतो: हृदय, मूत्रपिंड, यकृत, स्नायू. सगळ्या शरीरात मिळून तो जेमतेम एक-दोन ग्रॅम असेल.

त्याचं काम कराडच्या माणसाला वडापच्या (सवाऱ्या भरून फिरणाऱ्या खासगी) जीपवरून चटकन समजेल. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन दोन फाट्यांवर येऊन थांबतात. एक फाटा पहिल्या संकुलाचा (प्रथिनांच्या जुडग्याचा), दुसरा दुसऱ्या संकुलाचा. क्यू-१० दोन्ही फाट्यांवरून सवारी घेतो, एका खेपेला दोन इलेक्ट्रॉन, सोबत दोन प्रोटॉन, आणि तिसऱ्या संकुलाच्या स्टँडवर उतरवून रिकामा माघारी येतो. भरलेल्या रूपाला युबिक्विनॉल म्हणतात, रिकाम्याला युबिक्विनोन. या उतारचढीत प्रोटॉन पटलाच्या पलीकडे साठत जातात, आणि त्या साठ्याच्या दाबावर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. दाबाची ही कल्पना पीटर मिचेल यांची, त्यासाठी त्यांना १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जीप कमी पडल्या तर फाट्यावर खोळंबा होणार आणि स्नायू लवकर दमणार. इथवरचा तर्क अगदी सरळ आहे.

अँटिऑक्सिडंट म्हणूनही हा खराच. भरलेलं रूप पटलातल्या चरबीला खवट होऊ देत नाही आणि वापरून झालेलं ई जीवनसत्त्व पुन्हा कामाला लावतं. पण तिसऱ्या संकुलाशी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत हाच रेणू ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन बसतो आणि पेशीला इजा करणारं सुपरऑक्साइड तयार होतं. बाटलीवरच्या ‘पेशींचा रक्षक’ या बिरुदात ही बाजू येत नाही.

आता स्टॅटिन. यकृतात कोलेस्टेरॉल बनवण्याच्या वाटेवर अगदी वरच्या बाजूला एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) आहे, स्टॅटिन ते अडवतं. त्याच्या खाली मेव्हॅलोनेट, पुढे फार्नेसिल पायरोफॉस्फेट, आणि तिथे पाट फुटतो. एक कोलेस्टेरॉलकडे जातो, दुसऱ्यातून क्यू-१० चं शेपूट तयार होतं. वर पाणी अडवलं की खालची दोन्ही वावरं कोरडी पडणार, असा हा युक्तिवाद. स्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तात क्यू-१० कमी भरतं, हेही खरं आहे. मात्र रक्तातलं क्यू-१० मुख्यतः एलडीएलच्या कणांत बसून फिरतं. कणच कमी झाले तर त्यांतला मालही कमी मोजला जाणार. एलडीएलच्या प्रमाणात पाहिलं तर ही घट बरीचशी विरते, आणि प्रत्यक्ष स्नायूचा तुकडा तपासल्यावर दर वेळी कमतरता सापडते असं नाही. त्यामुळे ‘रक्तातलं क्यू-१०’ ही महागडी तपासणी या रुग्णासाठी मागवली नाही. आकडा कमीच आला असता आणि त्यावरून ठरवण्यासारखं काही नव्हतं.

चाचण्यांचं म्हणणं काय? २०१५ मध्ये अमेरिकेत १२० जणांवर नीट प्रयोग झाला. स्टॅटिनने अंग दुखतं असं या सगळ्यांचं म्हणणं होतं. आधी त्यांना, कोणती गोळी कोणती ते न सांगता, सिम्व्हास्टॅटिन २० मिग्रॅ आणि नकली गोळी आलटून पालटून दिली. फक्त स्टॅटिनवरच दुखलं असे जेमतेम ३६ टक्के निघाले. जवळपास २९ टक्क्यांना तर फक्त नकली गोळीवर दुखलं! मग ज्यांचं दुखणं खरं ठरलं त्यांना स्टॅटिनसोबत रोज ६०० मिग्रॅ क्यू-१० दिलं. रक्तातली पातळी वाढली, दुखणं कमी झालं नाही. सगळ्या लहान चाचण्या एकत्र मोजणाऱ्या विश्लेषणांत मात्र मतभेद आहेत, काहींत थोडा फायदा दिसतो, काहींत नाही.

मांड्या मोकळ्या झाल्याचा गुण गोळीचा की स्टॅटिन बंद केल्याचा, हे सांगता येत नव्हतं. पण तिसरी शक्यता त्याहून महत्त्वाची होती. स्टॅटिनचं दुखणं गोळी थांबवल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत जायला हवं. इथे ते अर्धवटच गेलं. स्टॅटिन थांबून सहा आठवडे झाल्यावर सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) ४१२ आलं, मर्यादा १९० च्या आसपास. एलडीएल १५१, म्हणजे झटक्याच्या दिवसापेक्षाही जास्त. स्टॅटिन नाही, तरी स्नायूंतून सीके गळतंय. मग दोष दुसरीकडे.

तपासताना रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून, पावलं मागे लोंबकळत ठेवून बसवलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल खाली झटकलं गेलं आणि परत येताना रेंगाळलं, ओलं फडकं दोरीवरून ओघळावं तसं. ही रेंगाळ थायरॉइड कमी असल्याची जुनी आणि फुकटातली खूण. आवाज घोगरा झालेला, टाचा फुटलेल्या, पोट साफ होत नाही, दुपारी झोप आवरत नाही. निवृत्तीनंतर माणूस सुस्तावला एवढाच घरच्यांचा अर्थ.

टीएसएच मागवलं. आलं ५.१. किंचित जास्त, पण एवढ्याने टाचेची शीर अशी वागत नाही.

इथे ती ताकदीची गोळी हातात घेऊन पाठीमागचा मजकूर वाचला गेला. क्यू-१० १०० मिग्रॅ, सोबत एल-कार्निटिन, लायकोपिन, झिंक, सेलेनियम, आणि खालून दुसऱ्या ओळीत बायोटिन (बी गटातलं एक जीवनसत्त्व) १० मिग्रॅ. बायोटिनने स्नायूंचं काही बिघडत नाही, रक्ताच्या तपासणीचं मात्र बिघडतं. बऱ्याच प्रयोगशाळांतली टीएसएचची पद्धत बायोटिन आणि त्याला पकडून ठेवणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांच्या घट्ट जोडीवर चालते. रक्तात बाहेरचं बायोटिन भरपूर असलं की ते जागा अडवतं आणि टीएसएच खोटं कमी मोजलं जातं. त्याच कारणाने फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) खोटं जास्त येतं. दोन्ही आकडे मिळून कमी थायरॉइडला ‘जवळपास ठीक’ दाखवतात. रुग्ण ती गोळी रोज सकाळी सातला चहासोबत घेत होता आणि रक्त साडेनऊला काढलं होतं.

गोळी तीन दिवस बंद ठेवून तपासणी पुन्हा केली. टीएसएच ३१, फ्री टी-४ स्पष्ट कमी.

आता सगळे धागे जुळले. थायरॉइड कमी असलं की एलडीएल वाढतं, स्टॅटिनचा परिणाम तोकडा पडतो, सीके चढतं, मांड्या आणि दंड जड होतात, आणि स्टॅटिनचा स्नायूंना त्रास होण्याची शक्यताही वाढते. सहाव्या आठवड्यातलं ते ९६ एलडीएल हाच निरोप देत होतं.

उपचाराचा क्रम महत्त्वाचा होता. नुकताच स्टेंट पडलेल्या माणसाला थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, एकदम पूर्ण मात्रेत दिलं तर हृदयाचा वेग आणि ऑक्सिजनची गरज वाढते, छातीत दुखू शकतं. म्हणून २५ मायक्रोग्रॅमने सुरुवात, पहाटे उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. सहा आठवड्यांनी ५०, पुढच्या तपासणीनंतर ७५. स्टॅटिनविना जास्त दिवस ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून त्याच दिवशी इझेटिमिब (स्टॅटिन नसलेलं कोलेस्टेरॉलचं औषध) १० मिग्रॅ सुरू केलं. टीएसएच उतरू लागल्यावर रोसुव्हास्टॅटिन ५ मिग्रॅ, आधी एक दिवसाआड, दोन आठवड्यांनी रोज, मग १० मिग्रॅ. आशियाई वंशाच्या लोकांत रोसुव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी जास्त चढते, त्यामुळे ५ पासून सुरुवात करणं बरं. मध्ये क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक किंवा बुरशीवरची गोळी लिहून आलीच तर आधी विचारा, असं चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

थायरॉक्सिन सुरू होऊन साडेतीन महिने झाल्यावर टीएसएच ४.२, सीके १६८, एलडीएल ४९. दुखणं दीडवर. स्टॅटिन पुन्हा सुरू करूनही मांड्या परत दुखल्या नाहीत. स्टॅटिनच्या स्नायूत्रासासाठी ११ गुणांची एक पट्टी वापरतात. तिच्यावर या रुग्णाची बेरीज अशी: दोन्ही मांड्यांत सारखं दुखणं ३, सुरुवात ४ ते १२ आठवड्यांत २, थांबवल्यावर दोन ते चार आठवड्यांत उतार १, पुन्हा सुरू केल्यावर त्रास नाही ०. एकूण ६. सहापर्यंतची बेरीज म्हणजे ‘स्टॅटिनमुळे असण्याची शक्यता कमी’. उतार अर्धवट असूनही त्याला पूर्ण गुण धरले, तरी बेरीज सहाच्या वर गेली नाही.

तरीही रुग्णाचा क्यू-१० वर जीव होता. “ती गोळी पण राहू द्या की संगं.” नको म्हणून हट्ट करण्यापेक्षा तपासून पाहणं सोपं होतं. पद्धत ब्रिटनमधल्या २०२० च्या सॅमसन चाचणीवरून सुचलेली. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना तिथे वर्षभर कधी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, कधी नकली गोळी, कधी रिकामी बाटली दिली होती. त्रासाचा आकडा रिकाम्या महिन्यांत ८.०, नकली गोळीवर १५.४, स्टॅटिनवर १६.३. त्रास खराच होता, पण त्याचा बहुतेक भाग गोळी घेतल्याच्या जाणिवेचा होता.

इथे चार-चार आठवड्यांचे चार टप्पे ठरवले: क्यू-१० चालू, बंद, चालू, बंद. बाकीच्या एकाही औषधात बदल नाही. मिश्र गोळी बाजूला आणि नुसत्या क्यू-१० ची तेलातली सॉफ्टजेल, १०० मिग्रॅ दुपारी, १०० मिग्रॅ रात्री, जेवणाच्या मध्ये. यामागे कारण आहे. शुद्ध क्यू-१० हे पिवळसर नारिंगी स्फटिक असतात, वितळतात ५० अंशांच्या जवळपास, म्हणजे शरीराच्या तापमानाला घट्टच. कोरडी पावडर दाबून केलेली गोळी उपाशीपोटी चहासोबत घेतली तर बहुतेक माल आतड्यातून तसाच खाली जातो. तेलात नीट विरघळवलेलं आणि जेवणातल्या तेलातुपासोबत घेतलेलं त्यापेक्षा चांगलं शोषलं जातं. एका वेळी मात्रा वाढवली तर त्या प्रमाणात शोषण वाढत नाही, म्हणून विभागून द्यायचं. सॉफ्टजेल कात्रीने कापून बशीत पिळली की फरक दिसतो: चांगल्या मालाचं तेल एकसारखं नारिंगी, हलक्या मालात तळाशी रवाळ गाळ. पत्र्याच्या घरात एप्रिलमध्ये बाटलीतल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, तशी बाटली घेऊ नये. युबिक्विनॉलला हवा आणि उजेड दोन्ही सोसत नाहीत. ते महाग असतं आणि या कामासाठी त्याचा वेगळा फायदा सिद्ध झालेला नाही.

मोजमाप घरीच. रोज रात्री वहीत शून्य ते दहा आकडा. आठवड्यातून एकदा, हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागतात ते, नातवाच्या मोबाइलच्या घड्याळावर. प्रत्येक टप्प्याचा पहिला आठवडा हिशोबात धरला नाही. क्यू-१० चं रक्तातलं अर्धायुष्य दीड दिवसाच्या आसपास आहे, आधीचा साठा त्या आठवड्यात बराचसा उतरतो. स्नायूतला साठा हळू हलतो, ही या पद्धतीची मर्यादा. दुसरी मर्यादा म्हणजे रुग्णाला गोळी चालू की बंद ते ठाऊक होतं. पण गोळीवर भरवसा असलेल्याला ती चालू असल्याचं माहीत असेल तर आकडे तिच्या बाजूने झुकतात. फायदा दिसायचाच असता तर या पद्धतीत बहुधा दिसला असता.

वहीतली सरासरी: चालू १.६, बंद १.५, चालू १.४, बंद १.५. उठण्याबसण्याचे सेकंद १२ च्या आसपास, चारही टप्प्यांत. वही वाचून रुग्णानेच बाटली परत दिली. महिन्याचे हजारभर रुपये वाचले, ही सुनेची प्रतिक्रिया.

यावरून क्यू-१० निरुपयोगी ठरत नाही. तोच रेणू दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत जीव वाचवतो. क्यू-१० बनवणाऱ्या जनुकांत जन्मतः दोष असेल तर लहानपणीच स्टेरॉइडला दाद न देणारा नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिनं गळण्याचा किडनीचा आजार), तोल जाणं, फिट, स्नायू कमजोर होणं असं काहीही दिसू शकतं. तिथे जनुक तपासणी करून दिवसाला वजनाच्या किलोमागे ५ ते ५० मिग्रॅ क्यू-१० लवकर सुरू केलं तर काही मुलांची किडनी वाचते. उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही. हृदय कमजोर झालेल्यांसाठी २०१४ ची क्यू-सिम्बिओ चाचणी आशादायक आहे: ४२० रुग्ण, रोज तीन वेळा १०० मिग्रॅ, दोन वर्षांत हृदयाच्या मोठ्या घटना १५ टक्के, नकली गोळीवर २६ टक्के. चाचणी लहान, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवून मूळ औषधं कमी करत नाहीत. आणि ५२ टक्के पंपिंग असलेला आपला रुग्ण त्या गटात बसतच नाही. उलट पार्किन्सनसाठी रोज १२०० आणि २४०० मिग्रॅ देऊन पाहिलेली ६०० रुग्णांची चाचणी फायदा होण्याची शक्यता न दिसल्याने मध्येच थांबवावी लागली. पेशीत एखादी गोष्ट कमी दिसते म्हणून ती वरून ओतली की काम होतं, असं नसतं.

कृत्रिम झडप बसवलेल्या आणि वॉर्फरिन (रक्ताची गुठळी रोखणारी गोळी) घेणाऱ्या माणसाच्या घरात ही बाटली असेल तर एक सावधगिरी पाळावी. क्यू-१० ची रचना के जीवनसत्त्वाशी मिळतीजुळती आहे आणि त्यामुळे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) उतरल्याच्या काही नोंदी आहेत. नियंत्रित अभ्यासात असा परिणाम दिसला नाही, तरी सुरू किंवा बंद करताना आठवड्याभरात आयएनआर पाहून घ्यावा. एरवी त्रास किरकोळ: मळमळ, जुलाब, उशिरा घेतल्यास झोप उडणं.

बाटलीच्या लेबलवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा) १४ आकडी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते अन्न आहे. म्हणूनच ‘कोणती औषधं घेता?’ असं विचारल्यावर रुग्ण त्याचं नाव घेत नाही. प्रश्न बदलावा लागतो: “घरात गोळ्या, पावडर, काढा, सिरप जे काही आहे ते पिशवीत घालून आणा.” पिशवी उलटी केली की बायोटिन सापडतं.

पुढची तारीख सहा महिन्यांनी: टीएसएच, एलडीएल, सीके. रक्त काढण्याच्या तीन दिवस आधीपासून केसांची, नखांची, ताकदीची कोणतीही गोळी बंद.